आमचे मौन रिट्रीट परत सुरू करा : पॅरिश कौन्सिलला खुले पत्र

आदरणीय पाद्री विगार आणि पॅरिश कौन्सिलच्या सर्व सभासदांनो,

मागच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपताना सूचना वाचल्या गेल्या. ईस्टरआधीच्या कोरेज्माच्या उपवासकाळात दरवर्षी होणारे मौन रिट्रीट, म्हणजे न बोलता प्रार्थनेत घालवायचे दिवस, यंदा रद्द. त्याऐवजी एका हॉटेलच्या हॉलमध्ये ‘यशस्वी आणि समाधानी जीवन’ या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा, बाहेरून आलेले वक्ते, दुपारचे जेवण, नोंदणी शुल्क. गुरुवारची संध्याकाळची आराधना, म्हणजे पवित्र भाकरीपुढे शांत बसून केलेली प्रार्थना, उपस्थिती कमी म्हणून बंद. आणि सुरक्षिततेसाठी चर्चचे दार यापुढे फक्त मिस्साच्या वेळेपुरते उघडे. लोकांनी ऐकून घेतले आणि आपापल्या गाड्यांकडे गेले. मला हे मुकाट्याने ऐकून घेता येत नाही, म्हणून हे पत्र.

कौन्सिलच्या पेटीत चिठ्ठी टाकता आली असती. पण हा एका पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या गावाचा, प्रश्न नाही. बार्देशपासून साष्टीपर्यंत कुठल्याही गावच्या ख्रिस्ती माणसाने हे वाचले तर त्याला आपल्याच दारातली गोष्ट वाटेल, अशी माझी खात्री आहे. मराठीत लिहितो, कारण माझे शिक्षण गावच्या सरकारी मराठी शाळेत झाले आणि मनातले नीट मांडायला मला हीच भाषा येते. माझे हिंदू शेजारी हे वाचतील, त्यांनी जरूर वाचावे. माणसाचे मन कशाने भरते हा प्रश्न त्यांच्याही घरी आहे.

मी तारवटी, म्हणजे खलाशी. उमेदीची वर्षे बोटीवर गेली. घरी पैसे पाठवले, बहिणींची लग्ने केली, वडिलांचे कौलारू घर उतरवून स्लॅबचे बांधले, मुलांना शिकवले. हे सगळे चांगलेच झाले, त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. पण जहाज सोडून कायमचा घरी आलो तेव्हा ज्या दिवसासाठी इतकी वर्षे राबलो तो दिवस हातात होता आणि आत काहीच नव्हते. नव्या बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसून करायचे काय, हे कळेना. घरातली माणसे माझ्याशिवाय जगायला शिकली होती. संध्याकाळ झाली की बाटली उघडायची, हा आमच्या पिढीच्या कितीतरी तारवट्यांचा नेम आहे. माझाही तो होऊ लागला होता. वाड्यावर अशी घरे तुम्हीही पाहता. दारात गाडी, आत नवे फर्निचर, मुले लंडनला किंवा स्विंडनला, आणि घरमालकाला दारूशिवाय झोप नाही.

बायकोने ओढून मला त्या मौन रिट्रीटला नेले. रिट्रीट देणारे फादर वयस्कर होते, बोलायचेही हळू. पहिल्या संध्याकाळी त्यांनी आम्हांला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला एकच प्रश्न दिला. येशूमागून दोन माणसे चालत येतात, तो वळून त्यांना विचारतो, “तुम्ही काय शोधता?” त्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडचे हे पहिलेच शब्द. फादर म्हणाले, आता बोलू नका, याचे उत्तर शोधा, देवाला सांगा. बाकी काही नाही. मला आधी राग आला. आम्ही काय लहान मुले आहोत, असे वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्याजवळची उत्तरे संपली. घर, पैसा, मुलांची प्रगती, लोकांत मान, सगळे सांगून झाले. तेव्हा ध्यानात आले की यातले जवळजवळ सगळे मला मिळालेले आहे आणि तरीही मी शोधतोच आहे. मग शोधतो आहे ते दुसरेच काहीतरी, किंवा दुसराच कुणीतरी. त्या रात्री मी पापनिवेदनाला, कुमसाराला बसलो. कित्येक वर्षांनी. पुढे जे बदलले ते सावकाश बदलले. पॅरिश हॉलमध्ये दारू सोडणाऱ्यांचा गट बसतो तिथे जाऊ लागलो (आणि सांगतो, इतका खरा बोलणारा माणसांचा घोळका मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही). गुरुवारची आराधना मला त्याच काळात लागली. तुम्ही ज्या दोन गोष्टी बंद केल्या, त्या दोन गोष्टींवर माझे उरलेले आयुष्य उभे आहे. म्हणून बोलण्याचा हक्क मागतो.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार कार्यशाळेच्या विषयाबद्दल. वेळेचे नियोजन, आत्मविश्वास, पैशाचे व्यवस्थापन हे तरुणांना शिकवायला माझा विरोध नाही. पॅरिश हॉलमध्ये जून महिन्यात शिकवा, मी खुर्च्या मांडायला येईन. विरोध याला आहे की उपवासकाळात, क्रूसाकडे जाण्याच्या वाटेवर, चर्चच्या नावाने माणसाला सांगायचे की समाधान हे यशाच्या पुढच्या पायरीवर आहे. हे तर गोव्यातला प्रत्येक जाहिरातफलक सांगतोच आहे. मांडवीच्या पात्रात रात्रभर झगमगणारे कॅसिनो तेच सांगतात, शेते आणि डोंगर विकायला काढणारे बिल्डर तेच सांगतात. बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढून वाचा. तो राजा म्हणतो, मी घरे बांधली, द्राक्षमळे लावले, बागा केल्या, पाण्याची तळी खोदवली, सोने-रुपे साठवले, गाणारे आणि गाणाऱ्या ठेवल्या, डोळ्यांनी मागितले ते त्यांना नाकारले नाही. आजच्या गोव्यात विकायला काढलेल्या व्हिलांचे वर्णन याहून फारसे वेगळे नसते. आणि हे सगळे मिळवलेला माणूसच शेवटी सांगतो की सर्व व्यर्थ, वाऱ्यामागे धावणे. गरिबीला कंटाळून तो हे बोललेला नाही. त्याला सगळे मिळाले होते. आपल्या धर्मग्रंथाने हे इतके उघड लिहून ठेवलेले असताना आपण पैसे देऊन कुणाकडून उलटा धडा का घ्यायचा?

तुम्ही म्हणाल, तरुण येत नाहीत, त्यांना ओढून आणायला काहीतरी हवे. हे दुःख मला कळते, माझीच दोन मुले परदेशात आहेत आणि तिथे ती चर्चला जातात की नाही हे मी विचारायचे टाळतो. पण योहानाचा सहावा अध्याय पाहा. येशूने पाच हजारांना जेवू घातले. म्हणजे भाकरी त्याला कमी महत्त्वाची नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच लोक सरोवर ओलांडून त्याच्यामागे आले तेव्हा त्याने त्यांना तोंडावर सांगितले की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता आहात. मग त्याने जीवनाची भाकर मीच आहे हे सांगितले. लोकांना ते झेपले नाही, पुष्कळ शिष्य सोडून गेले. गर्दी कमी होते आहे हे पाहून त्याने पुन्हा भाकरी वाटल्या नाहीत. त्याने आपल्या निकटच्या बारा शिष्यांना विचारले, तुम्हीही जाता का? आणि त्यांतला पेत्र म्हणाला, प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार? तरुणांना हा प्रश्न विचारायची हिंमत आपल्यात हवी. ते कंटाळतात हे खरे, पण ते खोटेपणाला जास्त कंटाळतात.

दुसरी तक्रार दाराबद्दल. सुरक्षिततेची काळजी खोटी नाही. २०१७ साली गोव्यात क्रूस आणि थडगी मोडल्याच्या घटना आपण सगळ्यांनी पाहिल्या. पण बंद दाराची किंमत कोण मोजतो ते पाहा. दुपारी हॉस्पिटलमधून रिपोर्ट घेऊन परतणारी बाई, नवऱ्याशी भांडून निघालेली सून, परीक्षेत नापास झालेला मुलगा, बांधकामावरचा झारखंडचा ख्रिस्ती मजूर, ज्याच्या खोलीत सहा माणसे राहतात आणि ज्याला एकट्याने बसायला दुसरी जागा नाही. यांना मिस्साच्या वेळी सवड नसते. दुःख वेळापत्रक पाहून येत नाही. मी स्वतः दुपारी चर्चच्या मागच्या बाकावर बसलेल्या माणसांना पाहिले आहे. त्यांतले काही हिंदू होते, गुडघे कसे टेकायचे हे त्यांना माहीत नव्हते, पण ते बसत. आता त्यांना कुलूप दिसेल.

तिसरी गोष्ट थोडक्यात. पापनिवेदनासाठी फादर मिस्साआधी जेमतेम दहा मिनिटे असतात. दहा मिनिटांत रांगेतली दोन म्हातारी माणसे होतात. ज्याला खरोखर काही सांगायचे आहे तो रांग पाहून परत फिरतो.

चौथी तक्रार फेस्ताची, चर्चच्या वार्षिक सणाची. त्याआधीच्या नोवेनीचे नऊ दिवस, नऊ प्रवचने, दर दिवसाचा एक यजमान. मी गेल्या काही वर्षांची प्रवचने मन लावून ऐकली. आजारातून बरे होणे, व्हिसा, नोकरी, घरावरचे संकट टळणे, यांचे दाखले पुष्कळ. हे मागायला हरकत नाही, मीही मागतो. पण नऊ दिवसांत एकदाही कुणी असे विचारले नाही की हे सगळे मिळाले आणि देव नाही मिळाला तर? आणि हे सगळे नाही मिळाले, पण देव मिळाला, तर आपण त्याला काय म्हणणार? ज्याचे मूल बरे झाले नाही तो माणूसही त्याच बाकांवर बसलेला असतो. त्याच्यासाठी आपल्याकडे एक वाक्य नसावे? फटाके, बँड आणि प्रेझेंताच्या, म्हणजे फेस्ताच्या यजमानाच्या, नावाचा जयघोष याविषयी मी वेगळे लिहीत नाही, तुम्हांला ते माहीत आहे.

हे सगळे मी नव्याने शोधलेले नाही. आपल्या मातीत हे आधीच सांगून झाले आहे, आपण फक्त तिकडे पाठ फिरवतो. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात सां फ्रान्सिश्क शाव्हियेरच्या (संत फ्रान्सिस झेवियरच्या) शवाच्या दर्शनाला आपण रांगा लावल्या. तो पॅरिसमध्ये शिकवणारा, नाव कमावण्याची ईर्षा असलेला, नाव्हारच्या खानदानी घरातला तरुण होता. सोबत राहणारा इग्नेशियस त्याला शुभवर्तमानातला एकच सवाल पुन्हा पुन्हा करीत असे, असे परंपरा सांगते : सगळे जग मिळवले आणि स्वतःचा जीव गमावला तर माणसाला काय लाभ? त्या प्रश्नाने त्याला आतून हलवले, आणि पुढे ६ मे १५४२ रोजी तो गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. आपण त्याच्या शवापुढे मान वाकवतो आणि ज्या प्रश्नाने तो घडला तो प्रश्न आपल्या प्रवचनांतून काढून टाकतो.

सां जुजे व्हाजबद्दल (संत जोसेफ वाझबद्दल) तर मला आणखी बोलायचे आहे, कारण तो आपला, बाणावलीत १६५१ साली जन्मलेला. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळला त्याने एक पत्र लिहून स्वतःला मारियामाउलीचा, येशूच्या आईचा, गुलाम म्हणून देऊन टाकले. आजच्या भाषेत याला कुणी प्रगती म्हणणार नाही. डच सत्तेने श्रीलंकेत कॅथलिक पाद्र्यांना मज्जाव केला होता, तिथल्या लोकांना वर्षानुवर्षे पाद्री मिळाला नव्हता. हा १६८७ साली भिकाऱ्याच्या वेशात तिकडे उतरला. तिथे आजारी पडला, लपत फिरला, पोर्तुगीजांचा हेर समजून कँडीत कैदेत पडला. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक आपल्याच माणसांना टाकून पळत होते आणि हा त्यांना उचलून आणून त्यांची सेवा करीत होता. १७११ मध्ये तो तिथेच वारला. गोव्याला परतला नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केले. कुठल्या कार्यशाळेत त्याच्या आयुष्याला यशस्वी म्हणतील? तरीही त्याच्याइतकी भरलेली माणसे गोव्याने किती पाहिली? माणूस स्वतःला भरत बसला की रिकामा राहतो आणि ख्रिस्तासाठी स्वतःला देऊन टाकतो तेव्हा भरतो, ही ख्रिस्ती श्रद्धेची गाभ्याची गोष्ट आहे. ती मुलांना शिकवली नाही तर आपल्याकडे शिकवण्यासारखे वेगळे काय उरते?

आणि मराठी वाचकांसाठी एक नाव आणखी घेतो. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, पण त्यांचे एक वाक्य आपल्या कौन्सिलच्या खोलीत लावण्यासारखे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी लिहून ठेवले की आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. एवढी शास्त्र जाणणारी, संस्कृतच्या पंडितांनी गौरवलेली बाई हे मोकळेपणाने सांगते. मग ख्रिस्त भेटल्यावर त्यांच्या हातून काय घडले ते केडगावला दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायांच्या रूपाने महाराष्ट्राने पाहिले. आपल्या गोव्यात धर्म भरपूर आहे. चर्च आहेत, कपेले म्हणजे छोटी प्रार्थनाघरे आहेत, वाड्यावाड्यावर क्रूस आहेत, त्यांपुढे गायचे लदीन आहे, फेस्त आहे. १६१६ साली रायतूरला ख्रिस्तपुराण छापले गेले, मराठी ओव्यांतून ख्रिस्ताची कथा इथल्या लोकांनी गायिली. पण रमाबाईंचा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येकाला, मलाही आणि पाद्री विगार, क्षमा असावी, आपल्यालाही, एकट्याने बसून सोडवावा लागतो. त्यासाठी शांत जागा लागते, वेळ लागतो आणि ऐकून घेणारा पाद्री लागतो. तुम्ही नेमके तेच तीन काढून घेतलेत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

मौन रिट्रीट याच उपवासकाळात व्हावे. कार्यशाळा घ्यायचीच असेल तर पास्कानंतर, म्हणजे ईस्टरनंतर, घ्या, तिला रिट्रीटची जागा देऊ नका. रिट्रीटला शुल्क नसावे. ज्यांना जमेल ते पेटीत टाकतील, कमी पडेल ते आम्ही काही तारवटी मिळून भरू, हे मी त्यांच्याशी बोलून लिहितो आहे.

चर्चचे दार सकाळच्या मिस्सापासून रात्रीपर्यंत उघडे ठेवा. राखण कोण करणार हा तुमचा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक वाड्याने एक दिवस घ्यावा, निवृत्त माणसे गावात कमी नाहीत. सोमवारची दुपार आमच्या वाड्याकडे लिहून घ्या.

गुरुवारची आराधना पुन्हा सुरू करा. पाच माणसे आली तरी ती चालली पाहिजे. किती आले हे मोजून ती चालवायची की नाही हे ठरवायला तो सिनेमाचा खेळ नव्हे.

आठवड्यातून एक संध्याकाळ फादरांनी फक्त कुमसार आणि बोलण्यासाठी ठेवावी. वेळ फलकावर लिहावी आणि पाळावी.

नोवेनीच्या प्रवचनकारांना कौन्सिलने लेखी विनंती करावी की नऊही दिवस शुभवर्तमान सांगा, आणि त्यात ज्यांची प्रार्थना त्यांना हवी तशी ऐकली गेली नाही त्यांच्यासाठीही एक दिवस असावा.

महिन्यातून एक मिस्सा हिंदीत किंवा मराठीत व्हावी. हॉटेलांत आणि बांधकामांवर राबणारे आपले ख्रिस्ती भाऊबहीण मागे उभे राहून न समजणारी कोंकणी ऐकतात आणि न बोलता निघून जातात. त्यांची नावेही आपल्या रजिस्टरात नाहीत. मिस्सानंतर कुणीतरी त्यांच्याशी बोलावे, चहा द्यावा, एवढी सुरुवात पुरे.

छपराची दुरुस्ती बाकी आहे, वर्गणी कमी होते आहे, पाद्री विगार एकटे तीन माणसांचे काम करतात, हे मला दिसते. या पत्राने आपल्यावर आणखी ओझे पडते तेही दिसते. म्हणूनच मी मागितलेल्या गोष्टींपैकी बहुतेकांना पैसा जवळजवळ लागत नाही आणि ज्यांना माणसे लागतात ती द्यायला आम्ही तयार आहोत.

कौन्सिलची बैठक पुढच्या पंधरवड्यात आहे असे कळते. या पत्रावर तिथे चर्चा व्हावी आणि निर्णय काय झाला, कारणांसकट, चर्चच्या फलकावर लावावा. मला बोलवले तर मी येईन. रिट्रीटला येऊ इच्छिणाऱ्यांची नावे मी घ्यायला सुरुवात केली आहे. त्यांत माझ्या वयाची माणसे आहेत आणि अकरावी-बारावीची मुलेही आहेत. ती यादी बैठकीआधी आपल्या ऑफिसात आणून देतो.

आपला नम्र,
बार्देशातील एक निवृत्त तारवटी, आपल्याच पॅरिशचा